वईवरच्या निवडुंगाचा चीक: काढायचा तर आताच

पहाटेचा गारवा ओसरू लागला आणि काजूला बोंडे धरली की समजायचे, शिशिर सरत आला. निवडुंगाचा चीक काढायचे दिवस हेच. दोन-तीन वर्षांच्या झाडाचा चीक शिशिराच्या अखेरीस घ्यावा, असे चरकसंहितेत सांगितले आहे. पावसात भिजलेल्या फांदीचा चीक पाण्याबरोबर वाहून जातो, त्यामुळे तेव्हा कोयती लावण्यात अर्थ नाही.

या चिकाला मागणी आहे ती क्षारसूत्रासाठी. भगंदर आणि मूळव्याधीवर वैद्य जो औषधी दोरा वापरतात, त्यावर आधी नुसत्या चिकाची ११ पुटे (लेपाचे थर) देतात. मग चीक आणि आघाड्याच्या क्षाराची ७, शेवटी चीक आणि हळदीची ३. अशी एकूण २१ पुटे, आणि एक पूट वाळल्याशिवाय दुसरे चढत नाही. म्हणजे चीक एका वेळी थोडाच लागतो, पण दर वेळी ताजा लागतो. आपले गणित चुकते ते इथेच. लोक आधी बाटली भरतात आणि मग गिऱ्हाईक शोधायला निघतात. तोवर आत गुठळ्या झालेल्या असतात. पपईचा चीक वाळवून पेपेनसाठी (त्यातल्या पाचक द्रव्यासाठी) देता येतो, तसे याचे नाही. गोव्यात शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय आहे, पेडण्यात धारगळला २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे. अशा ठिकाणी किंवा औषधे बनवणाऱ्यांकडे आधी विचारा, कोणत्या दिवशी किती हवा ते ठरवा, मगच कोयती हातात घ्या.

आपल्या वईवर, म्हणजे कुंपणावर, जे जे काटेरी ते सगळे निवडुंग नव्हे. क्षारसूत्राला लागतो तो स्नुही, म्हणजे वई निवडुंग. त्याच्या खोडावर पीळ घातल्यासारख्या पाच ओळींत गाठी असतात, प्रत्येक गाठीवर काट्यांची जोडी, आणि शेंड्याला जाड, मांसल पानांचा झुबका. खोडाला तीन ठळक धारा दिसल्या तर तो तिधारी. पेन्सिलीएवढ्या गोल हिरव्या फांद्यांचा, काटे नसलेला तो शेर. तिन्हींना पांढराच चीक येतो, म्हणून बाटलीत गेल्यावर कोणी ओळखू शकत नाही. भेसळ नकोच.

ऊन चढण्याआधी, धारदार स्वच्छ सुरीने फांदीवर तिरकी चीर द्या आणि खाली काचेचे किंवा स्टीलचे भांडे धरा. थेंब आधी भराभर पडतात, मग तोंडाशी चीक गोठून धार आपोआप थांबते. थांबली की सोडून द्या. त्याच जागी पुन्हा कोरत बसू नका, दुसरी फांदी घ्या. जमलेला चीक फडक्यातून गाळून लगेच पोचवा.

आता डोळ्यांचे. गेल्या वर्षी वई छाटताना मी कपाळाचा घाम मनगटाने पुसला. मनगटावर चिकाचा एक सुकलेला ठिपका होता, तेवढाच. दुपारी नुसते चुरचुरले, रात्री डोळा उघडेना, आणि पुढचे काही दिवस दिव्याभोवती धुके दिसायचे. म्हणून चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय चीर देऊ नका, आणि डोक्याच्या वरची फांदी तर कापूच नका. चीक डोळ्यात गेलाच तर न चोळता पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि बरे वाटले तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आयुर्वेदात स्नुही उपविषांत मोजतात. दुखऱ्या दाढेत चिकाचा थेंब घालणे, जुलाबासाठी तो गिळणे, हे घरगुती प्रयोग बंद करा.

लागवड वाढवायची असेल तर छाटलेल्या फांद्या फेकू नका. हातभर लांबीचे तुकडे आठवडा-दोन आठवडे सावलीत ठेवा, कापलेले तोंड सुकू द्या, आणि पावसाआधी भरडावर, म्हणजे उंचावरच्या कोरड्या जमिनीत, लावा. खाजनात (खाडीकाठच्या सखल जमिनीत) किंवा कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) ओलाव्यात मात्र ते कुजतात. गुरांच्या वाटेपासून चार हात दूर लावा.