रायगड नीट बघायचाय? मग असा बघा

रोपवेने वर, मेघडंबरीसमोर (सिंहासनाच्या जागेवरची छत्री) फोटो आणि दोन तासात खाली, असं करून रायगड झाला म्हणू नका प्लीज. सोबत वयस्कर माणसं असतील तर रोपवे बेस्टच, पण ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी पायऱ्यांनीच चढा, राजगड सोडून महाराजांनी राजधानी इकडे का आणली ते चढतानाच कळतं.

आदल्या रात्री महाड किंवा पाचाडला मुक्काम करा. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, आधी तिथे डोकं टेका. उजाडलं की चित दरवाजापासून सुरुवात करा, पायऱ्या दीड हजाराच्या आसपास आहेत आणि सावली कमी, त्यामुळे माणशी दोन लिटर पाणी पाहिजेच. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, दोन बुरुजांच्या मधे असा काही लपवलाय की बास! तिथे पाच मिनिटं थांबा आणि आपण शत्रू आहोत असं समजून बघा, वरून मारा सुरू झाला तर पळणार कुठे? 1656 ला जावळीच्या मोऱ्यांकडून ही रायरी (रायगडाचं जुनं नाव) घेतली तेव्हाच महाराजांच्या मनात हा डोंगर भरला असणार असं मला तरी वाटतं.

वर गेल्यावर सगळ्यात जास्त वेळ राजसदरेला, म्हणजे महाराजांचा दरबार भरायचा त्या जागेला, द्या. एकाने नगारखान्याच्या दारात उभं राहून हळू बोलायचं, दुसऱ्याने सिंहासनाच्या जागेजवळ ऐकायचं, अक्षरशः शब्दन्शब्द पोचतो. 6 जून 1674 ला इथेच राज्याभिषेक झाला, तोवर मुघल आणि आदिलशाही त्यांना बंडखोर जहागीरदारच धरत होते, त्या दिवसापासून छत्रपती, स्वतःचा शक, स्वतःची नाणी, सोन्याचे होन आणि तांब्याची शिवराई. मुलं सोबत असतील तर हे त्यांना तिथेच उभं राहून सांगा.

मग होळीचा माळ, बाजारपेठ करत जगदीश्वराकडे जा. मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदलकरांचं नाव कोरलंय, ज्यांनी गड बांधला ते, बरेच जण त्यावर पाय देऊन निघून जातात, तुम्ही वाकून वाचा. समोरच महाराजांची समाधी. वाड्यांची नुसती जोती का उरली असं कोणी विचारलं तर 1818 चा इंग्रजांचा तोफमारा सांगा.

टकमक टोक शेवटी ठेवा, वारा भयंकर असतो, रेलिंगच्या पलीकडे अजिबात जायचं नाही. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, ग्रिपवाले बूट घाला. आणि शांतपणे बघायचा असेल तर 6 जूनच्या आसपास नको, तेव्हा सोहळ्यासाठी या.