रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना मोठा रक्तस्राव झाल्यास काय करावे

हृदयाची झडप बदललेल्या किंवा ठोके अनियमित असलेल्या अनेकांना वॉरफेरिन, ॲसिनोकुमरॉल, अपिक्साबान अशा गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. अशा माणसाला विळी, चप्पल शिवणाऱ्याची रापी किंवा उसाच्या फडातला कोयता खोलवर लागला, तर रक्त लवकर गोठत नाही. प्रथमोपचार इतरांसारखाच असतो. फक्त दाब जास्त वेळ आणि अजिबात न सोडता द्यावा लागतो.

प्रथम रुग्णाला आडवे निजवावे, दुसऱ्या कोणाला तरी १०८ वर फोन करायला सांगावे आणि स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने, कोपर ताठ ठेवून, जोराने दाबावे. घड्याळ पाहून किमान १५ ते २० मिनिटे हात हलवू नये. ‘थांबलं का बघू’ म्हणून कापड उचलले की नुकतीच धरू लागलेली गुठळी निघून येते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. घरोघरी हीच चूक सर्वाधिक होत असावी. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवून दाब आणखी वाढवावा. जखमेत काही रुतले असेल तर ते उपसू नये, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबावे. हळद, चहापूड, तंबाखू जखमेत भरू नये.

हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांधा टाळून, रुंद पट्टी काठीने पिळून आवळावी. सुतळी किंवा तार वापरू नये. आवळल्याची वेळ लिहून ठेवावी आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत पट्टी सैल करू नये.

गगनबावडा किंवा शाहूवाडीकडच्या गावांतून कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठायला बराच वेळ लागतो, म्हणून वाटेतही दाब कायम ठेवावा. रुग्णाला पांघरूण घालावे, खायला-प्यायला काही देऊ नये. गोळ्यांची पाकिटे आणि आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीचा) शेवटचा अहवाल सोबत घ्यावा, शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही सांगावे. वॉरफेरिनचा परिणाम उतरवायला ‘के’ जीवनसत्त्व देतात, डॅबिगॅट्रानसाठी निराळे इंजेक्शन असते. त्यामुळे गोळीचे नाव कळल्याशिवाय डॉक्टरांना नेमका उपचार ठरवता येत नाही.

डोक्याला मार लागला असेल तर बाहेर रक्ताचा थेंब दिसला नाही तरी तातडीने रुग्णालयात जावे, कारण कवटीच्या आत रक्त हळूहळू साचू शकते आणि सुरुवातीचे काही तास माणूस अगदी व्यवस्थित बोलत राहतो. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, एकाएकी उठलेली तीव्र डोकेदुखी यांनाही तितकेच गंभीर मानावे.

वेदना कमी करण्यासाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तसेच रक्त थांबल्यावर घाबरून ती परस्पर बंदही करू नये, कारण गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो.