केनिया-नेदरलँड्स व्यापाराचे आकडे कसे वाचायचे (आणि दोघांचे आकडे जुळत का नाहीत)

"अमुक देशाचा तमुक देशाशी व्यापार इतक्या टक्क्यांनी वाढला" अशी बातमी आली की आपण लगेच फॉरवर्ड करून मोकळे होतो. पण तो आकडा नक्की कुणाचा, विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, हे कुणी विचारत नाही. स्पर्धा परीक्षा, प्रोजेक्ट किंवा एक्स्पोर्टच्या कामासाठी असे आकडे स्वतः काढायचे असतील तर एकच जोडी धरा आणि एकच माल धरा. मी इथे केनिया आणि नेदरलँड्स घेतोय आणि माल म्हणजे गुलाब, कारण या एका फुलात सगळ्या भानगडी सापडतात.

सुरुवात यूएन कॉमट्रेडच्या (देशोदेशीच्या व्यापाराचे आकडे ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या) साइटवरून करा, फुकट आहे. ती किचकट वाटली तर ट्रेड मॅप ही असेच आकडे देणारी साइट वापरा, तिथे फक्त रजिस्टर करावं लागतं. रिपोर्टरमध्ये (आकडा देणारा देश) केनिया, पार्टनरमध्ये (समोरचा देश) नेदरलँड्स, फ्लो एक्स्पोर्ट आणि एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय नंबर) ०६०३, म्हणजे कापलेली फुलं (फक्त ताजे गुलाब हवे असतील तर ०६०३११). जो आकडा येईल तो बाजूला लिहून ठेवा. आता उलटं करा, म्हणजे रिपोर्टर नेदरलँड्स, पार्टनर केनिया, फ्लो इम्पोर्ट, कोड आणि वर्ष तेच. तीच फुलं, तेच विमान, तरी दोन आकडे सारखे येणार नाहीत. साइट बिघडलीय असं समजून रिफ्रेश मारत बसू नका, खरं काम इथूनच सुरू होतं.

पहिलं कारण म्हणजे भाडं. नैवाशा तळ्याच्या काठच्या ग्रीनहाऊसमध्ये गुलाब कापला, कोल्ड स्टोअरमध्ये ठेवला, दांड्याच्या लांबीप्रमाणे ४०, ५०, ६० सेंमी असे गठ्ठे लावले, खोक्यात भरला आणि ट्रकने नैरोबी विमानतळावर आणला. केनियाचा कस्टमवाला इथपर्यंतचीच किंमत धरतो, ती एफओबी. विमानाने साधारण आठ तासांत ॲमस्टरडॅम आलं की डच बाजू भाडं आणि विमा धरून किंमत लावते, ती सीआयएफ. बोटीने जाणाऱ्या तांब्यासारख्या मालात हा फरक त्या मानाने कमी असेल, पण फूल म्हणजे हलका, जागा खाणारा आणि विमानातून जाणारा माल, त्यात भाडंच दणकून लागतं. हल्ली मोंबासा बंदरातून रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरने पण फुलं जातात, पण महिनाभर लागतो, आणि २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, म्हणजे अजून उशीर.

दुसरं कारण जास्त इंटरेस्टिंग आहे. केनियाच्या कागदावर "नेदरलँड्स" लिहिलंय म्हणजे ते फूल डच माणसाच्या फुलदाणीत गेलं असं अजिबात नाही. ॲमस्टरडॅमजवळच्या आल्समीरच्या फुलांच्या लिलावात किंमत वरून खाली येते, जो आधी बटण दाबेल त्याला माल, आणि दाबणारा व्यापारी ते ट्रकमध्ये भरून जर्मनी, पोलंड कुठेही पाठवतो. मग युरोस्टॅटमध्ये (युरोपियन युनियनचं सांख्यिकी खातं) जर्मनीच्या खात्यावर तेच फूल नेदरलँड्सकडून आलेलं दिसतं. उलटंही होतं, विमान बेल्जियममधल्या लिएजला उतरलं आणि कस्टम तिथेच झालं तर आल्समीरला पोचलेलं फूल डच आकड्यात बेल्जियमचं म्हणून येतं. माल असा वाटेतल्या देशाच्या नावावर दिसण्याला, रॉटरडॅम या मोठ्या डच बंदरावरून, रॉटरडॅम इफेक्ट म्हणतात. आपल्या नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर पण रॉटरडॅमला उतरून पुढे पांगतात, आणि २०२३-२४ मध्ये नेदरलँड्स हा अमेरिका आणि यूएईनंतर भारताचा तिसरा मोठा ग्राहक दिसतो तो डच लोक एवढा आपला माल वापरतात म्हणून नाही, त्यात पेट्रोलियमचा वाटा मोठा आहे आणि बंदर तर आहेच. यावर उपाय असा की डच सांख्यिकी खातं सीबीएस रि-एक्स्पोर्ट (बाहेरून आणून पुन्हा बाहेर पाठवलेला माल) वेगळं दाखवतं, ते नक्की बघा.

कधीकधी तर माल त्या देशात येतच नाही. झांबियाच्या आकड्यांत कित्येक वर्षं तांब्याचा मोठा ग्राहक स्वित्झर्लंड दिसायचा आणि स्विस इम्पोर्टमध्ये ते तांबं जवळजवळ नव्हतंच, कारण सौदा तिथल्या ट्रेडिंग कंपनीने केलेला आणि माल परस्पर दुसरीकडे. त्यामुळे उलट बाजू तपासल्याशिवाय "मोठा भागीदार" वगैरे लिहू नका.

करन्सी सांभाळा. कॉमट्रेड डॉलरमध्ये, युरोस्टॅट युरोत, केनियाचं सांख्यिकी खातं शिलिंगमध्ये. २०२३ मध्ये शिलिंग चांगलाच आपटला, वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला १२३ च्या आसपास होता तो शेवटी १५७ वर गेला, म्हणजे एकही फूल जास्त न विकता शिलिंगमधली निर्यात वाढलेली दिसणार. म्हणून किलोचा कॉलम पण उघडा.

आता उलट दिशा. नेदरलँड्सकडून केनियाला काय जातं बघताना मशिनरीबरोबर ०६०२ पण बघा, त्यात रोपं आणि कलमं येतात. आणि एक गोष्ट या टेबलात कुठेच दिसणार नाही, ती म्हणजे रॉयल्टी. गुलाबाच्या कितीतरी जाती डच ब्रीडरच्या (नवीन जाती तयार करणाऱ्यांच्या) मालकीच्या आहेत, केनियातला शेतकरी त्यांना पैसे देतो, पण तो व्यवहार वस्तूंच्या व्यापारात धरतच नाहीत. त्यामुळे नुसत्या मालावरून "केनिया फायद्यात" म्हणणं मला तरी घाईचं वाटतं.

शेवटचं, करारावरून निष्कर्ष काढताना जपून. युरोपियन युनियन आणि केनियाचा करार १ जुलै २०२४ पासून लागू झाला, तेव्हा "करारामुळे फुलांची निर्यात वाढली" असं कुणी लिहिलं तर लक्षात ठेवा की फुलांना ड्युटी आधीच माफ होती. मध्ये २०१४ च्या ऑक्टोबरपासून ख्रिसमसपर्यंत तेवढी लागली होती, कारण कराराशिवाय ड्युटी माफ असते ती अल्पविकसित देशांना, केनिया त्या यादीत नाही आणि तेव्हा करार अडकला होता (इथिओपिया त्या यादीत आहे, त्यामुळे त्याला हा घोर नव्हता). नवीन कराराचा परिणाम बघायचा तर युरोपातून केनियात येणाऱ्या मालात बघा, तिथली ड्युटी टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे, काही मालावर २५ वर्षांपर्यंत. आणि गुलाबाचंच बघायचं असेल तर २६ एप्रिल २०२५ ही तारीख धरा, त्या दिवसापासून फॉल्स कॉडलिंग मॉथ या किडीसाठी युरोपचे नियम कडक झालेत, तेव्हा वर्षाचा आकडा न घेता महिन्यांचे काढा आणि व्हॅलेंटाइनचा फेब्रुवारी मागच्या फेब्रुवारीशीच ताडून बघा.