इटालियन मण्यांचं चार्म ब्रेसलेट भरताना या चुका टाळा

‘इटालियन चार्म’ असं शोधलं की ऑनलाइन दुकानांत दोन वेगळ्या वस्तू एकाच पानावर येतात. एक म्हणजे सपाट, स्टीलच्या, आत बारीक स्प्रिंग असलेल्या कड्या. १९८७ मध्ये सुरू झालेल्या फ्लॉरेन्सच्या नॉमिनेशन कंपनीमुळे त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांची नेहमीची रुंदी ९ मिमी आणि त्या एकमेकींत अडकवून पट्टा तयार होतो. दुसरी वस्तू म्हणजे गोल साखळीत ओवायचे, मोठ्या भोकाचे मणी. या दोन्हींचं एकमेकांशी काहीच जुळत नाही. फोटोत भोक दिसत नसेल तर विक्रेत्याला विचारा, मगच पैसे भरा. पुढचं सगळं ओवायच्या मण्यांबद्दल आहे.

भोक, आटे आणि जोर

साखळी साधारण ३ मिमी जाडीची असते आणि मण्याचं भोक ४.५ ते ५ मिमी. काही साखळ्यांवर टोकाशी आणि मध्ये दोन ठिकाणी आटे असलेली जाड पट्टी असते. आतून आटे असलेला मणी तिथे स्क्रूसारखा फिरवूनच पुढे न्यायचा असतो. लोक तो ओढतात. चांदी मऊ, त्यामुळे आटे झिजतात आणि मणी अर्ध्यात अडकतो. अडकलेला मणी काचेचा असेल तर काच धरून पिळू नका. आतली चांदीची नळी बऱ्याचदा चिकटवलेली असते. काच फिरते, नळी जागेवरच राहते आणि जोड सुटतो. नळीची कडा चिमटीत धरून उलट फिरवा.

मापाचा हिशोब

‘मनगट अधिक २ सेंमी’ हा नियम तीन-चार मण्यांपुरता ठीक आहे. ब्रेसलेट पूर्ण भरलं की मण्यांची जाडी आतली जागा खाते. हिशोब सोपा आहे: साखळीच्या लांबीतून मण्याच्या जाडीची ३.१४ पट वजा करा. १८ सेंमीच्या साखळीत १३ मिमीचे काचमणी खच्चून भरले तर आत जेमतेम १३.९ सेंमी उरतात, म्हणजे १६ सेंमीच्या मनगटावर ते बंदच होणार नाही. त्या मनगटाला ११ मिमीचे चांदीचे मणी भरायचे तर २० सेंमी, आणि काचमणी जास्त असतील तर २०.५ सेंमी साखळी घ्या.

मुरानो म्हणून काय घेताय?

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. व्हेनिसच्या भट्ट्यांमुळे आगी लागतील या भीतीने १२९१ मध्ये काचकारागिरांना मुरानो बेटावर हलवण्यात आलं, आणि तेव्हापासून या बेटाचं नाव काचेशी जोडलं गेलं. काचमण्यांच्या कलेला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत इटली आणि फ्रान्सची संयुक्त नोंद मिळाली. म्हणूनच ‘मुरानो स्टाइल’ हे शब्द इतके विकले जातात. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरातही ज्योतीवर घडवलेले सुंदर मणी होतात. ते त्यांच्याच नावाने आणि त्यांच्याच किमतीला घ्यावेत. मुरानोची किंमत द्यायची तर ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ या चिन्हाचं लेबल मागा. वेनेतो प्रांताने हे चिन्ह १९९४ च्या कायद्याने आणलं. सगळे कारखाने ते वापरत नाहीत, तेव्हा लेबल नसेल तर निदान कारखान्याचं नाव असलेली पावती हवी.

मणी हातात आल्यावर भिंगातून पाहा. मध्यभागी सरळ शिवण दिसली तर तो साच्यातला. ज्योतीवर केलेल्या मण्याला शिवण नसते, आणि भोकाची कड बहुधा किंचित आत वळलेली असते. मिल्लेफियोरी म्हणजे फुलाफुलांच्या नक्षीची काच; तिची फुलं ही काचेच्या कांडीचे काप असतात, म्हणून फुलाला खोली दिसते. रंगवलेलं किंवा छापलेलं फूल सपाट दिसतं आणि नखाने खरवडलं तर कधीकधी निघूनही येतं. आव्हेन्तुरीना या चमचमत्या काचेची चमक सोन्याची नसते, काचेत वाढलेल्या तांब्याच्या स्फटिकांची असते. ‘सोन्याचे कण’ म्हणून जादा पैसे देऊ नका. सोन्याचा वर्ख खरोखर असेल तर तो पारदर्शक काचेच्या थराखाली हवा. वर उघडा असलेला वर्ख घासून जातो.

रोझेत्ता मण्याबद्दल एक खास इशारा. निळ्या, पांढऱ्या, लाल थरांचा हा बारा टोकांच्या ताऱ्याचा मणी पंधराव्या शतकाच्या अखेरीस मुरानोत जन्मला. त्याचं श्रेय मारिएत्ता बारोव्हिएर यांना दिलं जातं, आणि डिझाइन म्हणून तो आजही अजोड आहे. पण तो ओढलेल्या नळीपासून बनतो आणि त्याचं भोक बहुतेकदा अरुंद असतं. ड्रिलने भोक मोठं करायला गेलात तर थरांच्या सीमेवर काच तडकते. त्याला चांदीची तार आणि कडी लावून लटकनासारखा वापरा.

न आपटता मणी आपोआप तडकला, तर दोष बहुधा भट्टीतला असतो. मुरानोच्या ‘मऊ’, म्हणजे तुलनेने कमी उष्णतेवर वितळणाऱ्या काचेचा मणी घडवल्यावर सुमारे ५१० अंश सेल्सियसला ठेवून सावकाश थंड करावा लागतो. तसं केलं नाही तर आत ताण राहतो आणि पुढे कधीतरी, गरम पाण्याचं निमित्त होऊन, चीर पडते. पारदर्शक मण्याची परीक्षा घरीच होते. लॅपटॉपवर पांढरा पडदा उघडा, पोलराइज्ड गॉगलची काच डोळ्यासमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा, आणि मणी मध्ये धरा. त्यात ठळक उजळ पट्टे दिसले तर ताण आहे. तो परत करा. गडद, अपारदर्शक काचेत ही युक्ती चालत नाही.

दोन काचमणी शेजारी ओवू नका. एकमेकांवर आपटून कडांचे टवके उडतात. मध्ये चांदीचा चपटा स्पेसर, म्हणजे अंतर राखणारा मणी हवा, आणि मणी सरकू नयेत म्हणून लावायची क्लिप नेहमी आट्यांच्या पट्टीवरच बसवा.

शिंग, पोवळं आणि चिन्हं

नेपल्सचं लाल ‘कॉर्निचेल्लो’ आपल्याकडे हमखास मिरची समजून घेतलं जातं. ते किंचित पीळ असलेलं, टोकाला निमुळतं शिंग आहे. हिरवा देठ दाखवला असेल तर ती मिरची. दोन्हींचं काम मात्र दृष्ट काढण्याचंच. नेपल्सच्या रिवाजात ते स्वतःसाठी विकत घेत नाहीत, कुणीतरी भेट द्यावं लागतं. भेटीसाठी घेत असाल तर हे आवर्जून सांगा.

अस्सल पोवळ्याचं काम नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेकोत होतं. भिंगाखाली त्याच्या लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेषा दिसतात. स्वस्त मालात रंगवलेला दगड असतो. लपलेल्या जागी अॅसिटोनचा कापूस लावला की लाल रंग उतरतो.

चिन्हांचीही गल्लत होते. फ्लॉरेन्सच्या लिलीला पाकळ्यांमधून पुंकेसर निघतात. ते नसतील तर ती फ्रेंच राजचिन्हाची लिली आहे. सिसिलीच्या त्रिनाक्रिया या तीन पायांच्या चिन्हात मध्यभागी मेदूसाचं, म्हणजे ग्रीक कथांतल्या सापांच्या केसांच्या स्त्रीचं, डोकं असतं. डोकं नसलेले तीन पाय ‘आयल ऑफ मॅन’चे. गोंडोला या व्हेनिसच्या होडीच्या पुढच्या लोखंडी भागाला समोर सहा दात असतात, व्हेनिसच्या सहा विभागांचे, आणि मागे एक, तिथल्याच जुदेक्का बेटाचा. एवढ्या लहान मण्यावर सहा दात कोरलेले दिसले तर कारागिराने मन लावून काम केलंय असं समजा.

सफाई

टूथपेस्टने चांदीवर ओरखडे पडतात. चिंच आणि लिंबू पोवळ्याचे शत्रू, कारण पोवळं कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि आम्लात विरघळतं. अॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी ही युक्ती फक्त साध्या चांदीच्या मण्यांसाठी. ऑक्सिडाइज केलेल्या मण्याच्या खाचांतला मुद्दाम दिलेला काळेपणा तिने निघून जातो आणि व्हेनिसच्या पंखवाल्या सिंहासारख्या कोरीव चिन्हाचे पंख सपाट दिसू लागतात. मीनाकारी, पोवळं आणि सूक्ष्म मोझेकचे मणी पाण्यात बुडवू नका; मोझेकचे तुकडे चिकट लुकणात बसवलेले असतात आणि ते मऊ पडतं. ओलसर सुती कापडाने पुसून लगेच कोरडं करा. काचमण्यांना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. अल्ट्रासॉनिक मशीन मात्र नको.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात चांदी भराभर काळवंडते. ब्रेसलेट झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह, हवा काढून ठेवा. पोवळ्याचा मणी मात्र आधी काढून वेगळ्या मऊ कापडात गुंडाळा, नाहीतर धातूच्या कडांनी त्यावर चरे पडतात.