परदेशात गाडी भाड्यानं घेताय? कार्ड निवडताना या चुका टाळा

परदेशवारीसाठी कार्ड निवडताना बहुतेक जण एकच आकडा बघतात, परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक किती शुल्क लावते तो. हॉटेल आणि खरेदीपुरतं हे ठीक आहे. गाडी घेऊन फिरायचं असेल तर मात्र घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. काउंटरवर डिपॉझिटचा प्रश्न येतो, रात्री पंपावर माणूसच नसतो आणि टोलनाक्यावर मागे रांग लागलेली असते. ऐन वेळी चाललंच नाही, तर ते स्वस्तातलं कार्ड घेऊन काय करायचं?

डेबिट किंवा प्रीपेड कार्डाच्या भरवशावर काउंटर गाठणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बुकिंग करताना वेबसाइट जवळपास कुठलंही कार्ड घेते, त्यामुळे आपण निर्धास्त होतो. पण किल्ली हातात देताना कंपनी डिपॉझिटसाठी बहुधा क्रेडिट कार्डच मागते, आणि तेही मुख्य चालकाच्या नावाचं. भाडं आधीच पूर्ण भरलेलं असलं तरी ही अट सुटत नाही. बुकिंग नवऱ्याच्या नावावर आणि क्रेडिट कार्ड बायकोच्या, ही जोडप्यांची नेहमीची गल्लत. ज्याचं कार्ड, त्यालाच मुख्य चालक करा आणि दुसऱ्याचं नाव जादा चालक म्हणून घाला. हा बदल निघण्याआधीच करून घ्या, काउंटरवर हुज्जत घालून काही होत नाही. फोनमधल्या कार्डावरही विसंबू नका. प्लास्टिकचं कार्ड जवळ हवं आणि त्याचा पिन पाठ हवा.

काही कंपन्या डेबिट कार्ड घेतात, नाही असं नाही. पण तेव्हा तुमच्या खात्यातले खरेखुरे पैसे अडकतात. क्रेडिट कार्डावर फक्त लिमिट कमी होतं. गाडी परत केल्यावर कंपनीनं लगेच होल्ड, म्हणजे रोखून धरलेली रक्कम, सोडला, तरी बँकेकडून रक्कम मोकळी व्हायला कित्येक दिवस जाऊ शकतात. म्हणून डिपॉझिटसाठी एक कार्ड बाजूलाच ठेवावं आणि रोजचा खर्च दुसऱ्यावर करावा. कंपनीचा विमा नाकारलात तर डिपॉझिट बहुतेकदा वाढतं, तेव्हा लिमिट त्या मोठ्या रकमेचा विचार करून तपासा.

विम्याचं निघालंच आहे तर, ‘माझ्या कार्डावर गाडीचा विमा फुकट आहे’ म्हणणाऱ्यांनी अटी एकदा शेवटपर्यंत वाचाव्यात. अशा कार्डांत साधारणपणे भाडं त्याच कार्डानं भरावं लागतं आणि कंपनीचं नुकसान-संरक्षण नाकारावं लागतं. काही देश, महागड्या गाड्या किंवा ठरावीक दिवसांहून लांबलेलं भाडं त्यातून वगळलेलं असू शकतं. समोरच्या गाडीचं किंवा माणसाचं नुकसान सहसा त्यात येतच नाही.

पंप कार्ड घेत नाही, म्हणजे कार्ड बिघडलं असं समजणं

अमेरिकेत पंपावर कार्ड घातलं की मशीन पुष्कळदा झिप कोड, म्हणजे तिथला पत्त्याचा पिनकोड, मागतं. कार्ड दुसऱ्या देशातलं असेल तर तो पाच आकडी कोड आणायचा कुठून? अंदाजे आकडे मारत बसू नका. सरळ आत जा आणि काउंटरवर पंपाचा नंबर व रक्कम सांगा, ‘पंप चार, चाळीस डॉलर’. टाकीत कमी पेट्रोल बसलं तर उरलेले पैसे कार्डावर परत जातात. आत पैसे भरण्याचा आणखी एक फायदा आहे. पंपावरचं मशीन पेट्रोल सोडण्याआधीच रक्कम होल्ड करतं, आणि अमेरिकेत हा होल्ड १७५ डॉलरपर्यंत जाऊ शकतो. डिपॉझिटनं लिमिट आधीच गिळलं असेल, तर पंपावर कार्ड नाकारलं जाण्याचं कारण बहुधा हेच असतं.

युरोपात दुखणं वेगळं. तिथले बिनमाणसांचे पंप पिन मागू शकतात. आयुष्यभर सही किंवा टॅप करणाऱ्याला क्रेडिट कार्डाचा पिन माहीतच नसतो, आणि चुकीचा पिन तीनदा टाकला की तो बहुधा ब्लॉक होतो. निघण्याआधी एखाद्या मशीनवर पिन टाकून खरेदी करून बघा.

टोलसाठी कार्ड आहे, पण ओटीपी नाही

फ्रान्सच्या टोलनाक्यावर हिरव्या बाणाच्या लेनमध्ये शिरा. नुसतं नारिंगी ‘टी’ असलेली लेन टॅगवाल्यांची. कार्ड परत बाहेर आलं तर दुसरं घाला, तेही चाललं नाही तर मदतीचं बटण दाबून बोला. रिव्हर्स मात्र घेऊ नका.

खरी पंचाईत नाकेच नसलेल्या रस्त्यांवर होते. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए-१३ वर कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि तुम्हाला ७२ तासांत पैसे भरावे लागतात. लंडनजवळच्या डार्टफोर्ड क्रॉसिंगला दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंतची मुदत असते. हे पैसे ऑनलाइन भरताना बँकेनं ओटीपी पाठवला आणि जुनं सिम घरी राहिलं असेल, तर कार्ड असून नसल्यासारखं. जुनं सिम रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर बँकेच्या ॲपवरून मंजुरी देता येते का ते आधी बघा.

‘तुमच्या चलनात घेऊ का?’ला हो म्हणणं

मशीननं विचारलं किंवा माणसानं, उत्तर एकच, स्थानिक चलनात. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर दुकानदाराच्या बाजूनं लावलेला असतो आणि त्यात त्यांची कमाई धरलेली असते. सही करण्याआधी भाड्याच्या करारावरही हा पर्याय आधीच टिक केलेला नाही ना, ते बघा. एटीएमवरही हाच प्रश्न येतो. रोख काढायला डेबिट कार्ड वापरा, कारण क्रेडिट कार्डानं काढलेल्या रोखीवर बहुधा पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

घरी आल्यावर कार्ड बंद करून टाकणं

दोन वेगवेगळ्या नेटवर्कची (एक व्हिसा, एक मास्टरकार्ड अशी) कार्डं न्यायची आणि ती एकाच पाकिटात ठेवायची नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं. परतल्यावर काय होतं, याचा मात्र कुणी विचार करत नाही. वेगाचा दंड किंवा राहिलेला टोल आधी गाडीच्या कंपनीकडे जातो. कंपनी तुमचं नाव-पत्ता अधिकाऱ्यांना कळवते आणि त्या कामाचं शुल्क तुमच्या कार्डावर टाकते, कधी कधी काही महिन्यांनी. दंड वेगळा येतो तो येतोच. तोवर कार्ड चालू ठेवा आणि त्याचे अलर्ट बंद करू नका. गाडी परत करताना चारही बाजूंचे, इंधनाच्या काट्याचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढून ठेवा. शेवटच्या पंपाची पावतीही त्यांच्यासोबत जपा. नको ती रक्कम कापली गेली, तर बँकेकडे तक्रार करताना हेच मागतात.