उजेड कानांनी शोधायची पेटी: परावर्तनाचा प्रयोग सगळ्या मुलांसाठी

वर्गात परावर्तनाचा प्रयोग सुरू झाला की ज्या मुलीला दिसत नाही तिच्या वाट्याला शेजारणीची कुजबुज येते, "इकडून आला, तिकडं गेला." प्रयोग शेजारीण करते, ही फक्त ऐकते. इथे दिलेल्या पेटीत कुणालाच डोकावता येत नाही. परावर्तित किरण आवाजाने नाहीतर हाताला लागणाऱ्या थरथरीने शोधायचा आणि कोन बोटांनी मोजायचा. ऊन लागत नाही, त्यामुळे खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसातही हा प्रयोग अडत नाही. वीज गेली तरी चालतो.

आधी 'कान', म्हणजे उजेडाचा आवाज करणारं सर्किट, तयार करा. ५५५ आयसी (ठोके देणारी आठ पिनांची चिप), ५ मिमीचा एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा भाग), १ किलोओहम आणि १०० ओहमचे रेझिस्टर, ०.१, १ आणि १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, ८ ओहमचा ३ इंची स्पीकर, कपॅसिटर बदलायला छोटा स्विच आणि चार पेन्सिल सेल एवढं सामान पुरतं. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात हे सगळं मिळतं. निपाणीकडच्यांना त्यासाठी कोल्हापूरही जवळ पडतं.

जोडणी अशी. पिन १ ऋण टोकाला, ४ आणि ८ धन टोकाला. ८ आणि ७ च्या मध्ये १ किलोओहम, ७ आणि ६ च्या मध्ये एलडीआर. पिन २ आणि ६ एकमेकींना जोडून तिथून स्विचमार्गे ०.१ किंवा १ मायक्रोफॅरड ऋण टोकाला. पिन ३ पासून १०० ओहम, मग १०० मायक्रोफॅरड (धन बाजू पिनकडे), मग स्पीकर आणि तिथून ऋण टोक. एलडीआर मात्र मीटरभर लांबीच्या दुहेरी वायरवर बाहेर काढा.

उजेड वाढला की एलडीआरचा रोध घटतो आणि सूर चढतो. स्विच ०.१ मायक्रोफॅरडवर असताना रोध १०० किलोओहम असेल तर साधारण ७० हर्ट्झची घरघर येते, १० किलोओहमला ७०० च्या आसपास शिट्टी. मिट्ट काळोखात नुसतं टक टक होतं. ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी स्विच १ मायक्रोफॅरडवर टाका. सूर दसपट खाली उतरतो आणि बोटांना नीट जाणवतो. स्पीकरवर फुगवलेला फुगा टेकवून तो दोन्ही तळव्यांत धरायला द्या, थरथर स्पष्ट कळते.

आता फळी. ६० × ४५ सेंमीचा प्लायवूड घ्या. लांब कडेच्या मध्यापासून ५ सेंमी आत स्क्रू बसवा आणि त्यावर दोन लाकडी फूटपट्ट्या अशा अडकवा की दोन्ही मोकळ्या फिरतील. स्क्रूच्या दोन्ही बाजूंना २ सेंमी उंचीचे ठोकळे ठेवून त्यावर ५ × ७ सेंमीचा सपाट आरसा उभा करा. आरशाच्या कडांना चिकटपट्टी लावायला विसरू नका, बोटं तिथेच फिरणार आहेत. साध्या आरशाचा लेप मागच्या बाजूला असतो, म्हणून मागची बाजू स्क्रूच्या मध्यरेषेवर यायला हवी. पुढची बाजू तिथे ठेवली तर दोन्ही कोनांत किंचित फरक पडू शकतो.

स्क्रूपासून सरळ पुढे, आरशाला काटकोनात सुतळी चिकटवा. हा अभिलंब. २५ सेंमी त्रिज्येच्या कमानीवर दोन्हीकडे दर १० अंशांना, म्हणजे सुमारे ४.४ सेंमीवर, फेविकॉलने तुरीचा दाणा लावा. ३० आणि ६० अंशांवर दोन-दोन दाणे लावा, म्हणजे मोजणी चुकत नाही. फळी काळी आणि सुतळी पिवळी रंगवली की अंधूक दिसणाऱ्या मुलांनाही खोका उचलल्यावर रचना दिसते.

एका पट्टीच्या टोकाला ५ मिमीचं भोक ठेवून बाकी तोंड झाकलेली एलईडी टॉर्च बांधा. दुसऱ्या पट्टीवर काळ्या कागदाची १० सेंमी नळी आणि तिच्या मागच्या टोकाला एलडीआर. दोन्ही फळीपासून ४ सेंमी उंचीवर असावीत. वरून मोठा खोका पालथा घाला, हात घालायला दोन भोकं पाडा आणि त्यांना जुन्या कापडाचे पडदे लावा.

डोळस मुलांच्या डोळ्यांवर पट्टी मात्र बांधू नका. त्यातून न दिसण्याची फक्त भीतीच मुलांपर्यंत पोचते. खोका सगळ्यांना एकाच पातळीवर आणतो, शिवाय कौलांतून येणारा उजेडही अडवतो.

चार-चार मुलांचे गट करा. पहिली दहा मिनिटं नळी हातात देऊन वर्गात फिरू द्या. खिडकीकडे वळवली की सूर चिरकतो, तळहाताची सावली पडली की खर्जात जातो, पांढऱ्या शर्टासमोर चढतो आणि काळ्या केसांसमोर उतरतो. हे आधी झालं नाही तर पेटीतला आवाज मुलांना काहीच सांगत नाही. मग टॉर्च ३० अंशांवर ठेवा, दुसरी पट्टी हळूहळू फिरवू द्या आणि सूर सर्वांत वर गेला की सुतळीपासून दाणे मोजायला सांगा. तेच ५० आणि ६० अंशांवर. पाचेक अंशांचा फरक पडला तर बरोबरच समजा. सगळं झाल्यावर खोका उचला.

सूचना मात्र हात पेटीत जाण्याआधी, उजेडात तोंड दिसेल असं उभं राहून द्या, कारण एकदा लक्ष पेटीत गेलं की ओठ आणि खुणा कुणी वाचत नाही. व्हीलचेअरवरचं एक मूल असलं तरी सगळ्याच गटांना टेबल द्या. त्याला एकट्याला टेबल आणि बाकीचे सतरंजीवर, असं नको. घरी कन्नड बोलणारी मुलं असतील तर उजेडाला बेळकु, आरशाला कन्नडी, सावलीला नेरळु म्हणा आणि 'आपाती किरण' (आरशावर पडणारा किरण) हा शब्द दाणे मोजून झाल्यावर आणा.

सूर कुठेच चढत नसेल तर बहुधा आरसा मागे कललेला असतो आणि झोत नळीच्या वरून जातो. गुण्या लावून तपासा. सूर दोन जागी चढला तर खोक्याला भेग आहे. एलडीआर उजेडातून काळोखात गेला की सावरायला काही सेकंद घेतो, म्हणून पट्टी भरभर फिरवली की उत्तर पुढे सरकतं. ब्रेडबोर्डवरची (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पाटीवरची) जोडणी खानापूरच्या रस्त्यांवर बसमध्ये सुटते, तेव्हा सोल्डरच करा.

लेसर वापरू नका. अंधूक दिसणाऱ्या मुलाची पापणी वेळेत मिटेलच असं नाही. एलडीआरमध्ये कॅडमियम हा विषारी धातू असतो. तडकलेला लगेच काढून कागदात गुंडाळून बाजूला ठेवा, मुलांच्या हाती देऊ नका.