मैदानी प्रदर्शनात स्वतःचे पुस्तक विकताना

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकाने पुण्यातील मैदानी प्रदर्शनात टेबल मांडताना एक प्रत वाचकांना निःसंकोच चाळता यावी म्हणून वेगळी ठेवावी आणि तिच्यातील सर्वांत पकड घेणाऱ्या पानावर खूण घालावी, कारण उभ्याउभ्या वाचलेला एखादा परिच्छेदच बहुधा खरेदीचा निर्णय करतो. डिसेंबरातही दुपारच्या उन्हात लॅमिनेशन केलेली मुखपृष्ठे वळू लागतात. म्हणून बाकीच्या प्रती टेबलाखाली खोक्यातच बऱ्या. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे किंमत सरळ २०० किंवा २५० रुपये ठेवावी. क्यूआर कोड लावला तरी सुटे पैसे जवळ हवेतच, कारण गर्दीत नेटवर्क हमखास दगा देते. स्वाक्षरी देताना वाचकाचे नाव आवर्जून विचारावे; तेवढ्यात पुढच्या पुस्तकाविषयीही बोलता येते.